लिव्हियाच्या पलीकडच्या शान फिलिप्स

वेल्श अभिनेत्री शान फिलिप्स यांचे नाव घेतले की जुन्या ब्रिटिश मालिका पाहणाऱ्यांना ‘आय, क्लॉडियस’मधील रोमन सम्राज्ञी लिव्हिया आठवते, आणि ज्यांनी ती मालिका पाहिलेली नाही त्यांना हे नाव फार तर नट पीटर ओ’टूल यांच्या पत्नीचे म्हणून ठाऊक असते. या दोन्ही ओळखी खऱ्या असल्या, तरी बालवयात रेडिओवर सुरू होऊन नव्वदीपर्यंत रंगमंचावर चालू राहिलेल्या कारकिर्दीचा फार लहान भाग त्यांतून हाती येतो. या कारकिर्दीचा क्रम मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. अभिनेत्रींच्या वाट्याला मोठ्या भूमिका बहुधा विशी-तिशीत येतात आणि चाळिशीनंतर त्या झपाट्याने आटतात. फिलिप्स यांची दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम कामे चाळिशी ओलांडल्यावर झाली, संगीत नाटकात त्यांनी पाऊल ठेवले ते सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि ज्युलिएटची भूमिका त्यांनी शहात्तराव्या वर्षी केली. हे केवळ नशिबाने घडले असे मला वाटत नाही. ज्या अभिनेत्रीचे मुख्य भांडवल चेहऱ्याच्या ताजेपणात असते तिला वय हिरावून घेते. ज्या अभिनेत्रीचे भांडवल आवाज आणि वाणी असते तिच्या पदरात वय काही ना काही टाकत जाते. फिलिप्स यांचे भांडवल हे दुसऱ्या प्रकारचे होते आणि ते वेल्समध्ये, फार लहानपणी जमा झालेले होते.

त्यांचा जन्म १४ मे १९३३ रोजी दक्षिण वेल्समधील ग्वाउन-काय-गुर्वेन या कोळसा खाणींच्या गावी झाला. आई शिक्षिका होती. वडील आधी पोलाद कारखान्यात कामगार होते आणि नंतर पोलिसात गेले. घरात आणि गावात वेल्श भाषाच बोलली जाई, इतकी की बालपणाचा बराच काळ त्यांना दुसरी भाषा येतच नव्हती आणि इंग्रजी त्या रेडिओ ऐकून शिकल्या. जन्मनाव जेन होते. पोंटारदावेच्या शाळेत वेल्श विषयाच्या शिक्षकांनी त्यांना शान म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम झाले.

वेल्समध्ये पठणाला जे स्थान आहे ते समजून घेतल्याशिवाय पुढचे सारे नीट उमगत नाही. तेथील चॅपेलांमध्ये मुलांना लहानपणापासून लोकांसमोर उभे राहून धर्मग्रंथातील ओळी म्हणाव्या लागत, आणि गावोगावच्या ‘आइस्टेदवोद’ या काव्य-संगीताच्या स्पर्धांमध्ये कवितापठण हा गायनाच्या बरोबरीचा प्रकार मानला जाई. राष्ट्रीय आइस्टेदवोद दरवर्षी वेगळ्या गावी भरते आणि तिथे जिंकणे ही वेल्श घरात मोठ्या मानाची गोष्ट असते. शान फिलिप्स यांनी अकराव्या वर्षी तिथे वाचिक अभिनयाचे बक्षीस मिळवले आणि त्याच वर्षी बीबीसीच्या वेल्समधील रेडिओ केंद्रावर व्यावसायिक काम सुरू केले. रेडिओवर वेशभूषा नसते, नेपथ्य नसते, हातवाऱ्यांचा उपयोग नसतो. श्वास कुठे घ्यायचा, शब्दाचा शेवट किती ठेवायचा आणि थांबायचे किती, एवढ्यावरच सारे उभे करावे लागते. अकरा वर्षांच्या मुलीने ही शिस्त अंगी बाणवली, आणि पुढे साठ-सत्तर वर्षांनी त्यांचे काम पाहताना मला ती प्रत्येक वाक्यात ऐकू येते.

कार्डिफच्या विद्यापीठात त्यांनी इंग्रजी आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, त्याच काळात बीबीसीसाठी वेल्समध्ये निवेदिका आणि वृत्तनिवेदिका म्हणूनही काम केले, आणि १९५५ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. डायना रिग आणि ग्लेंडा जॅक्सन या दोघीही त्याच काळात तिथे शिकत होत्या. वेल्शमधून काम करणाऱ्या तरुण अभिनेत्रीने लंडनला जावे की नाही, हा त्या वेळी केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. वेल्श रंगभूमीला पूर्णवेळ व्यावसायिक आधार जवळजवळ नव्हता आणि जे गुणी कलावंत होते ते एकामागून एक लंडनकडे जात होते. रिचर्ड बर्टन त्यांच्या आधीच्या पिढीत, तिथून फार दूर नसलेल्या खोऱ्यातून गेले होते. फिलिप्सही गेल्या, परंतु त्यांनी वेल्श भाषा मागे टाकली नाही. पुढे आयुष्यभर त्या रेडिओ, दूरचित्रवाणी आणि रंगमंच अशा तिन्ही माध्यमांत वेल्शमधून काम करत राहिल्या. लंडनमध्ये नाव झाल्यावर मायभाषेत केवळ सत्कार स्वीकारायला परतणारे पुष्कळ असतात. फिलिप्स काम करायला परतत राहिल्या, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

राडामध्ये त्यांनी साकारलेल्या हेडा गाब्लरमुळे त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले आणि तिथले बॅन्क्रॉफ्ट सुवर्णपदक त्यांना मिळाले. विद्यार्थिदशेतच हॉलिवूडच्या करारांचे प्रस्ताव आले आणि त्यांनी ते नाकारून नाटक पत्करले. १९५८ मध्ये कव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये त्यांनी जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नाटकातील सेंट जोन केली. युद्धात बेचिराख झालेल्या त्या शहरात हे नाट्यगृह नुकतेच उभे राहिले होते. इब्सेनची हेडा आणि शॉ यांची जोन, या दोन भूमिका पंचविशीच्या आत ज्या अभिनेत्रीच्या हाती लागतात तिचे पुढचे दशक दुथडी भरून वाहील अशी अपेक्षा कोणीही केली असती.

तसे झाले नाही. १९५९ मध्ये त्यांचे पीटर ओ’टूल यांच्याशी लग्न झाले, १९६० आणि १९६३ मध्ये दोन मुली झाल्या, आणि दरम्यान १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ने ओ’टूल जगभर पोहोचले. एका घरात दोन नट असले आणि त्यांतील एक एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला की दुसऱ्याचे वेळापत्रक पहिल्याच्या वेळापत्रकाभोवती फिरू लागते. आणि ते दुसरे माणूस बहुधा पत्नी असते. फिलिप्स यांनी आपल्या आत्मचरित्राच्या दोन खंडांत, १९९९ च्या ‘प्रायव्हेट फेसेस’मध्ये आणि २००१ च्या ‘पब्लिक प्लेसेस’मध्ये, या काळाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. त्या लेखनात कोणावर दोषारोप करण्याचा आवेश नाही. पतीच्या प्रतिभेविषयीचे प्रेम आणि त्याच प्रतिभेच्या सावलीत आपले काम मागे पडत गेल्याची जाणीव, ही दोन्ही त्यात शेजारी शेजारी नांदतात.

तरीही साठचे दशक रिकामे गेले असे म्हणता येणार नाही. त्यांनी त्या दशकात शॉ आणि टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकांत प्रमुख भूमिका केल्या आणि ‘बेकेट’ या १९६४ च्या चित्रपटात ग्वेंडोलेनची छोटी, पण लक्षात राहणारी भूमिका केली. दशकाच्या शेवटी, १९६९ च्या ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’मध्ये, त्या उर्सुला मॉसबँक या झगमगत्या, बडबड्या नटीच्या भूमिकेत दिसल्या. चित्रपटाचे नायक ओ’टूल होते, नायिका पेटुला क्लार्क होत्या आणि फिलिप्स यांच्या वाट्याला मोजके प्रवेश होते. त्या मोजक्या प्रवेशांसाठी अमेरिकेतील राष्ट्रीय चित्रपट समीक्षक संघटनेने त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. पतीच्या चित्रपटात, पतीच्याच शेजारी उभे राहून, त्यांनी आपण काय करू शकतो हे दाखवले होते.

खरा बहर आला तो सत्तरच्या दशकात, दूरचित्रवाणीवर. याचे एक कारण त्या काळच्या ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या निर्मितिपद्धतीत दडलेले आहे. बीबीसीची मोठी नाटके आणि मालिका त्या वेळी बहुतांशी स्टुडिओत, अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित होत. नट आधी तालमीच्या जागेत कित्येक दिवस नाटकासारख्या तालमी करत आणि मग स्टुडिओत प्रवेश सलग चित्रित होई. बाह्यचित्रण थोडे, जमाव नावापुरता, भव्य देखावे जवळजवळ नाहीत. या साऱ्या उणिवांची भरपाई संहिता आणि नट यांनाच करावी लागे. ज्यांना पानभर लांबीचे संवाद एका दमात, अर्थाचे पदर सांभाळत बोलता येतात आणि त्याच वेळी कॅमेरा एक हातावर असल्याचे भानही राखता येते, अशा नटांसाठी तो सुवर्णकाळ होता. रंगमंचावर तालीम झालेला आणि रेडिओवर मुरलेला फिलिप्स यांचा आवाज या माध्यमासाठीच घडवलेला असावा, असे ती कामे पाहताना वाटते.

१९७४ मध्ये ‘शोल्डर टू शोल्डर’ ही सहा भागांची मालिका आली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ब्रिटनमध्ये झालेल्या लढ्याची ही कहाणी होती आणि तिच्या निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट. फिलिप्स त्यात एमिलिन पँकहर्स्ट झाल्या. पँकहर्स्ट ही नटासाठी अवघड व्यक्तिरेखा आहे. ती सभेत गर्दीला पेटवते, तुरुंगात उपोषण करते आणि चळवळीच्या धोरणावरून स्वतःच्या मुलीलाही दूर करते. तिला केवळ वीरांगना म्हणून रंगवणे सोपे असते आणि केवळ हुकूमशहा म्हणून रंगवणेही तितकेच सोपे असते. फिलिप्स यांनी तिच्या सौजन्यातच तिचा पोलादीपणा दाखवला. त्यांची पँकहर्स्ट क्वचितच आवाज चढवते. उलट विरोध वाढतो तसतसे तिचे बोलणे अधिक नेमके आणि शांत होत जाते, आणि समोरच्या माणसाला आपण हरलो आहोत हे वाक्य संपल्यावरच कळते.

त्यापाठोपाठ ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ आली. वेल्समधील खाणकामगार कुटुंबाच्या या कहाणीवर १९४१ मध्ये हॉलिवूडने केलेला चित्रपट कॅलिफोर्नियात चित्रित झाला होता आणि त्यात वेल्श नट जवळजवळ नव्हतेच. बीबीसीच्या मालिकेचे रूपांतर वेल्श लेखिका एलेन मॉर्गन यांनी केले, वडिलांच्या भूमिकेत ऱ्होंडा खोऱ्यातील स्टॅन्ली बेकर होते आणि आईच्या, बेथ मॉर्गनच्या, भूमिकेत फिलिप्स. ही दोन्ही माणसे त्या प्रकारच्या घरांतून, त्या प्रकारच्या गावांतून आलेली होती. बेथ पहाटे चूल पेटवते, खाणीतून आलेल्यांसाठी पाणी तापवते, मुलांच्या संपाच्या गोष्टी ऐकते आणि एक एक मुलगा घर सोडून जाताना पाहते. अशा भूमिकेत सोशिक आईचा ठरीव साचा हात जोडून उभाच असतो. फिलिप्स यांनी बेथला तापटपणा दिला, विनोद दिला आणि आपल्या घराविषयीचा कडवा अभिमान दिला. स्टॅन्ली बेकर १९७६ च्या जूनमध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यामुळे ही मालिका त्यांच्या अखेरच्या महत्त्वाच्या कामांपैकी ठरली.

आणि मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘आय, क्लॉडियस’ सुरू झाली. रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या दोन कादंबऱ्यांवरून जॅक पुलमन यांनी संहिता लिहिली होती आणि दिग्दर्शक होते हर्बर्ट वाइज. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया आपला मुलगा टायबेरियस गादीवर बसावा म्हणून वारसदारांना एकामागून एक दूर करत जाते, आणि तिचा तोतरा, लंगडा नातू क्लॉडियस सगळ्यांना मूर्ख वाटत असल्यामुळेच वाचतो. त्या वेळी फिलिप्स यांचे वय त्रेचाळीस होते. त्यांना तरुण पत्नीपासून ऐंशीच्या पुढच्या म्हातारीपर्यंतचा प्रवास करायचा होता. पडद्यावरचे पती ब्रायन ब्लेस्ड त्यांच्यापेक्षा वयाने लहान होते, मुलगा झालेले जॉर्ज बेकर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते, आणि नातू झालेले डेरेक जॅकोबी जेमतेम पाच वर्षांनी लहान. मालिका पाहताना हे एकदाही जाणवत नाही. त्यात रंगभूषाकारांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही, पण रंगभूषेने चेहरा म्हातारा होतो, बोलणे म्हातारे होत नाही. लिव्हियाचे वय प्रत्येक भागात तिच्या श्वासातून आणि शब्दांमधल्या अंतरातून वाढत जाते.

या भूमिकेविषयी त्यांनी सांगितलेली एक आठवण मला मोलाची वाटते. सुरुवातीला त्या लिव्हियाला समजून घेण्याच्या खटपटीत होत्या. ती जे करते ते रोमच्या भल्यासाठी करते, प्रजासत्ताकाच्या नावाखाली पुन्हा यादवी पेटू नये म्हणून करते, असे समर्थन त्या अभिनयात आणू पाहत होत्या. काम काही केल्या जमेना. तेव्हा दिग्दर्शकांनी त्यांना सांगितले की तिला सरळ दुष्ट होऊ द्या. ती जितकी दुष्ट होईल तितकी तिची गंमत वाढेल. व्यक्तिरेखेची मानसिक कारणे शोधण्याचे शिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीला असा सल्ला उथळ वाटू शकला असता. फिलिप्स यांनी तो स्वीकारला, आणि तरीही आपला आधीचा अभ्यास फेकून दिला नाही. म्हणूनच पडद्यावरची लिव्हिया दुष्टपणाचा आनंद लुटते, पण तिच्या मागे एक पूर्ण विचार उभा असल्याची खात्री आपल्याला सतत वाटत राहते.

या मालिकेतील तीन प्रवेश कोणीही अभिनय शिकणाऱ्याने पुन्हा पुन्हा पाहावेत. पहिला ग्लॅडिएटरांपुढच्या भाषणाचा. लिव्हिया त्यांना भेटायला येते आणि जिवावर न बेतता लढाईचा देखावा करण्याच्या त्यांच्या युक्त्यांबद्दल झापते. जे जगतील त्यांना पैसा मिळेल आणि जे मरतील त्यांचे नीट दफन होईल, असे आश्वासन देते. काटकसरी गृहिणीने नोकरांच्या कामातील ढिलाई दाखवून द्यावी तशा सुरात हे सारे बोलले जाते, आणि त्या सुरामुळेच अंगावर काटा येतो.

दुसरा प्रवेश ऑगस्टसच्या मृत्यूचा. कॅमेरा ब्लेस्ड यांच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो. सम्राट काही बोलत नाही, त्याच्या डोळ्यांतले प्राण हळूहळू मावळत जातात, आणि बराच वेळ आपल्याला केवळ लिव्हियाचा आवाज ऐकू येतो. तू माझे अधिक ऐकायला हवे होतेस, असे ती त्याला समजावत असते. त्यात वैर नाही. अनेक वर्षे संसार केलेल्या बाईचा थकवा आहे, थोडे प्रेमही आहे. मग ती उठते, आणि जाता जाता मुलाला, तिनेच विष लावलेल्या अंजिरांना हात लावू नकोस असे बजावते. ज्या अभिनेत्रीचा चेहरा दिसतच नाही ती संपूर्ण प्रवेश पेलून नेते. रेडिओवर घालवलेल्या बालपणाचे चीज या प्रवेशात झाले, असे मी मानतो.

तिसरा प्रवेश म्हातारी लिव्हिया क्लॉडियसला जेवायला बोलावते तेव्हाचा. आयुष्यभर ज्याला तिने मूर्ख समजून टेबलावर बसू दिले नाही, त्याच्यापुढे ती आपल्या खुनांचा हिशेब मांडते. तिला भीती आहे ती मरणानंतरच्या शिक्षेची, आणि त्यावर तिने उपाय शोधला आहे: तिला देवी घोषित करावे, म्हणजे देवांना शिक्षा होत नसल्यामुळे ती सुटेल. खुनांची कबुली आणि म्हातारीचा बालिश हट्ट एकाच श्वासात येतात. पुढे ती मृत्युशय्येवर असताना तिचा पणतू, भावी सम्राट कॅलिगुला, तिला देवी करण्याचा दिलेला शब्द मोडतो, आणि तिचे सांत्वन करायला क्लॉडियसच उरतो. पाच-सहा भाग जिचा तिरस्कार केला तिच्यासाठी त्या क्षणी प्रेक्षकाच्या पोटात कालवाकालव होते, यापेक्षा मोठी दाद अभिनेत्रीला कोणती असेल?

‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ आणि ‘आय, क्लॉडियस’ या दोन मालिकांसाठी मिळून बाफ्ता या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण एकीकडे मुलांना घट्ट धरून ठेवणारी खाणीवरची आई आहे आणि दुसरीकडे नातवंडांनाही न सोडणारी सम्राज्ञी. दोघी घराण्यासाठीच जगतात. त्यानंतर १९७९ मध्ये ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या सात भागांच्या मालिकेत त्या अ‍ॅन स्मायली झाल्या. संपूर्ण मालिकाभर जिच्याविषयी सगळे बोलतात, जिच्या नावाने ॲलेक गिनेस यांनी साकारलेला तिचा हेर पती जॉर्ज स्मायली प्रत्येक वेळी किंचित आक्रसतो, ती स्त्री अखेरच्या भागात समोर येते. एवढी वाट पाहायला लावल्यावर पात्राची निराशा होण्याचीच शक्यता अधिक असते. फिलिप्स येतात, थोडेसे बोलतात, आणि स्मायलीला ही बाई का विसरता येत नाही हे आपल्याला समजते. १९८१ मध्ये रॉबर्ट हार्डी यांच्या चर्चिलसमोर त्यांनी क्लेमेंटाइन चर्चिल केली. चित्रपटांविषयी मी फार लिहीत नाही. ‘ड्यून’च्या १९८४ च्या चित्रपटातील त्यांची रेव्हरंड मदर पुष्कळांना आठवते, आणि स्कॉर्सेसी यांच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’मध्येही त्या आहेत, परंतु त्यांच्या कलेची खरी जागा रंगमंच आणि स्टुडिओ हीच होती.

ओ’टूल यांच्याशी झालेले लग्न १९७९ मध्ये संपले. पुढच्याच वर्षी त्यांनी अगदी अनपेक्षित वळण घेतले. लंडनच्या पूर्व भागातील हाफ मून थिएटरमध्ये ‘पाल जोई’ या संगीत नाटकात त्या व्हेरा सिम्पसन झाल्या. हा प्रयोग इतका गाजला की तो वेस्ट एंडला, लंडनच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, गेला. गायिका म्हणून त्यांचे शिक्षण झालेले नव्हते आणि संगीत नाटकात पदार्पण करण्याचे हे वयही नव्हते. पण व्हेरा ही अनुभवी, श्रीमंत, स्वतःच्या मोहाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारी स्त्री आहे, आणि तिची गाणी सुरांपेक्षा शब्दांवर उभी आहेत. अर्थ पोहोचवत गाणारा खालच्या पट्टीतला आवाज तिथे हवा होता, आणि तो फिलिप्स यांच्याकडे होताच.

या वाटेवर त्या बऱ्याच पुढे गेल्या. १९९५ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये ‘अ लिटल नाइट म्युझिक’ झाले, तेव्हा दिग्दर्शक होते स्वॉन्झीचे शॉन मथायस. ज्युडी डेन्च नायिका होत्या आणि फिलिप्स त्यांची आई, मादाम आर्मफेल्ट. डेन्च त्यांच्यापेक्षा जेमतेम दीड वर्षाने लहान आहेत. त्यानंतर पॅम जेम्स यांचे ‘मार्लीन’ आले, आणि जर्मन वंशाची चित्रपटतारका व गायिका मार्लीन डिट्रिच हिच्या भूमिकेत फिलिप्स यांनी जवळजवळ संपूर्ण नाटक एकट्याच्या बळावर पेलले. पॅरिसमधील कार्यक्रमाआधी रंगपटात बसलेली, म्हातारपण झाकण्यासाठी एक एक साधन पारखणारी डिट्रिच, आणि मग प्रेक्षकांसमोर उभी राहून गाणारी डिट्रिच, अशी त्या नाटकाची मांडणी होती. नक्कल करणे तिथे सोपे होते. फिलिप्स यांनी डिट्रिचचे उच्चार आणि उभे राहण्याची ढब घेतली, पण त्याआड चाललेले कष्टही दाखवले. लंडनमध्ये ऑलिव्हिएर या नाट्यपुरस्काराचे नामांकन मिळाले. १९९९ मध्ये नाटक ब्रॉडवेला गेले आणि काही आठवड्यांतच बंद झाले, तरीही त्या वर्षीच्या टोनी पुरस्कारांत संगीत नाटकातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनांत त्यांचे नाव होते.

सत्तरी उलटल्यावर ब्रिटिश रंगभूमीवरील बहुतेक अभिनेत्रींना आजीच्या चार-दोन वाक्यांवर समाधान मानावे लागते. २०१० मध्ये ब्रिस्टल ओल्ड व्हिकने शेक्सपिअरच्या प्रेमकथेचा असा प्रयोग केला की जो वृद्धाश्रमात घडतो, आणि ज्युलिएट झाल्या शान फिलिप्स. रोमिओ होते मायकेल बर्न. कल्पना धाडसी होती आणि ती हास्यास्पद ठरण्याचा धोकाही पुरेपूर होता. परंतु प्रेमासाठी घाई करण्याचे कारण वृद्धांकडे तरुणांपेक्षा अधिक असते, हे त्या मांडणीतून उघड झाले. २०१४ मध्ये त्या वेस्ट एंडवर ऑस्कर वाइल्ड यांच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधील लेडी ब्रॅकनेल झाल्या. २०१६ मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘ले ब्लां’ या लोरेन हॅन्सबेरी यांच्या नाटकात त्यांनी आफ्रिकेत आयुष्य घालवलेल्या दृष्टिहीन मिशनरी पत्नीची, मादाम नील्सनची, भूमिका केली, आणि त्याच वर्षी त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

२०२१ च्या उन्हाळ्यात, साथीमुळे दीर्घकाळ बंद राहिलेले नॅशनल थिएटरचे मोठे सभागृह पुन्हा उघडले ते वेल्श कवी डिलन टॉमस यांच्या ‘अंडर मिल्क वुड’ने. मायकेल शीन प्रमुख भूमिकेत होते आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फिलिप्स पॉली गार्टर झाल्या होत्या. पॉली ही गावातली तरुण, अनेक मुलांची आई असलेली, गेलेल्या प्रियकरासाठी गाणारी स्त्री. पन्नास वर्षांपूर्वी, याच नाटकावर वेल्सच्या किनाऱ्यावर चित्रित झालेल्या १९७२ च्या चित्रपटात, त्याच फिलिप्स स्वच्छतेचे वेड लागलेल्या मिसेस ऑगमोर-प्रिचर्ड झाल्या होत्या. ‘अंडर मिल्क वुड’ मुळात रेडिओसाठी लिहिले गेले आहे. तिथे माणसे वयाने ओळखू येत नाहीत, बोलण्याने ओळखू येतात. म्हणून अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी पॉली होणे हा केवळ दिग्दर्शकीय चमत्कार नव्हता, त्या संहितेच्या स्वभावाला धरूनच होते.

वेल्सने त्यांची कदर केली आहे. वेल्श कवी-कलावंतांच्या ‘गोर्सेद’मध्ये त्यांना मानाचे स्थान आहे, आणि बाफ्ताच्या वेल्स शाखेतर्फे चित्रपट-दूरचित्रवाणीत मोठे काम करणाऱ्या वेल्श कलावंताला दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माझी तक्रार आहे ती वेल्सबाहेरच्या लेखनाविषयी. आजही त्यांच्यावरच्या अनेक लेखांची सुरुवात ओ’टूल यांच्यापासून होते आणि लिव्हियापाशी लेख संपतो. मधली पँकहर्स्ट, मधली बेथ, नंतरची व्हेरा आणि मार्लीन यांना एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. त्या लग्नाची वीस वर्षे आणि त्या एका मालिकेचे काही महिने यांपलीकडे जे आहे तेच आकाराने मोठे आहे.

ज्यांना त्यांचे काम प्रथमच पाहायचे आहे त्यांना मी ‘आय, क्लॉडियस’पासून सुरुवात करू नका असे सुचवेन. लिव्हिया इतकी प्रभावी आहे की तिच्यानंतर इतर भूमिकांमध्ये आपण नकळत तिलाच शोधत बसतो. आधी ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ पाहावी, मग ‘शोल्डर टू शोल्डर’ मिळाली तर ती, मग ‘टिंकर टेलर’चा शेवटचा भाग, पण आधीचे सहा पाहूनच, आणि त्यानंतर लिव्हिया. ऑगस्टसच्या मृत्यूचा प्रवेश आला की तो एकदा नेहमीसारखा पाहावा आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकावा.